केशरोपण करावें कीं नाहीं?

केंस विरळ होऊं लागले म्हणजे मनुष्य प्रथम साबणावर रागावतो, नंतर गांवच्या पाण्यावर, आणि शेवटीं डोक्यावर घट्ट बसणाऱ्या टोपीवर. या तिघांपैकीं बहुधा एकाचाही दोष नसतो. दोष कोठें आहे, तो दूर करतां येईल कीं नाहीं, आणि न आल्यास डोक्याच्या मागील बाजूचे केंस उचलून पुढें लावून घेण्याची जी शस्त्रक्रिया अलीकडे लहानसहान शहरांपर्यंत येऊन पोंचली आहे तिच्या वाटेस जावें कीं जाऊं नये, या गोष्टींचा शांतपणें विचार करण्याइतकी सवड फार थोड्यांना मिळते. जाहिरातींतील दोन छायाचित्रें, एक आधींचें आणि एक नंतरचें, एवढ्यावरच पुष्कळांचा निर्णय होऊन जातो.

हिंगोली जिल्ह्यांत औंढा नागनाथाहून वसमतकडे जाणाऱ्या रस्त्यावर शिरड शहापूर हें गांव आहे. सभोंवतालचा मुलूख हळदीचा. अशा गांवांतील एका तरुणाचें चित्र डोळ्यांपुढें आणावें. वय चोवीस-पंचवीस, घरची थोडी शेती, कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांवरून केंस मागें सरत चाललेले आणि माथ्यावर उन्हांत कातडी चमकूं लागलेली. सोयरिकीचीं बोलणीं चालू आहेत. शेतकऱ्याच्या मुलाला मुलगी मिळणें आधींच अवघड. त्यांत पाहुणे आले कीं त्यांची नजर प्रथम डोक्याकडे जाते, असें त्याला वाटतें, आणि तें अगदींच खोटें नसतें. मामा म्हणतात, "लागला पैसा तर लागूं दे. औंदा हळदीची पट्टी आली कीं जा अन् केंस लावून घे." आई म्हणते, "धडधाकट लेकराच्या डोक्याला सुरी लावायची नाहीं." हा तरुण कल्पनेंतला आहे, परंतु त्याच्या घरांतील हा वाद कल्पनेंतला नाहीं, आणि मामा व आई या दोघांच्याही म्हणण्यांत कांहीं तथ्य आहे.

केंस म्हणजे काय, हें समजण्यास शिरड शहापुरासारखें दुसरें सोयीचें गांव नाहीं. येथें भगवान मल्लिनाथांचें दिगंबर जैन अतिशय क्षेत्र आहे. दिगंबर मुनि वस्तऱ्याचा किंवा कातरीचा उपयोग न करतां डोक्याचे आणि दाढीचे केंस स्वतःच्या हातांनीं उपटून काढतात. यास केशलोच म्हणतात. हा विधि एकदां करून संपत नाहीं. दोन, तीन किंवा चार महिन्यांच्या अंतरानें तो पुन्हां करावा लागतो, कारण उपटलेल्या केंसाच्या जागीं नवा केंस येतो. धर्मदृष्ट्या त्याचा अर्थ वैराग्याचा आहे. शरीरशास्त्राच्या दृष्टीनें त्यांत एक मोठा धडा आहे. चिमटीत जो येतो तो केंस म्हणजे नुसती काडी होय. ती ज्या वाफ्यांत उगवते तो वाफा त्वचेंत कांहीं मिलिमीटर खोल तसाच राहतो. त्याच्या भिंतींत नवा केंस घडविणाऱ्या सूक्ष्म पेशी असतात आणि तळाशीं त्यांना पोसणारा एक लहान गड्डा असतो. हा वाफा शाबूत असेपर्यंत केंस कितीही वेळां गेला तरी परत येण्याची आशा असते. वाफाच सुकला, तर वरून लावलेल्या कोणत्याही तेलानें कांहीं साधत नाहीं.

मनुष्याच्या डोक्यावर अदमासें एक लाख केंस असतात. प्रत्येक केंस दोन ते सहा वर्षें वाढतो, महिन्यास सुमारें एक सेंटिमीटर; मग सुमारें तीन महिने विसावा घेतो आणि गळून पडतो. त्याच्या जागीं पुन्हां नवा केंस वाढूं लागतो. दररोज पन्नास ते शंभर केंस गळणें हा या रहाटगाडग्याचाच भाग आहे. म्हणून फणींत केंस दिसले एवढ्यावरून टक्कल पडणार असें मानूं नये. उलट, पुरुषांना जें नेहमींचें टक्कल पडतें त्यांत केंस गळण्यापेक्षां केंस बारीक होत जाणें हा खरा प्रकार असतो. प्रत्येक फेऱ्यांत वाफा थोडा आकसतो, केंस आधींपेक्षां आंखूड, बारीक आणि फिकट येतो, आणि अखेरीस लव तेवढी उरते. निम्म्याच्या आसपास केंस गेल्याखेरीज विरळपणा सहसा डोळ्यांत भरत नाहीं. ज्या दिवशीं तो आरशांत दिसला त्या दिवशीं तो सुरू झाला, असें नव्हे.

हें कां होतें, याचा उलगडा करणारें एक महत्त्वाचें संशोधन अमेरिकेंतील जेम्स हॅमिल्टन यांनीं १९४२ सालीं प्रसिद्ध केलें. वयांत येण्यापूर्वींच ज्यांचे वृषण निकामी झाले होते अशा पुरुषांना टक्कल पडत नाहीं, असें त्यांना आढळलें. पण त्यांच्यापैकीं ज्यांच्या घराण्यांत टक्कल होतें त्यांना पुरुषी रस बाहेरून दिला असतां त्यांचे केंस जाऊं लागले. म्हणजे वंश आणि रस हीं दोन्ही एकत्र यावीं लागतात. पुढें कॅरिबियन समुद्रांतील डोमिनिकन प्रजासत्ताकांत कांहीं कुटुंबें आढळलीं. या रसाचें अधिक तीव्र रूप, म्हणजे डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन, बनविण्याची शक्तीच त्यांच्या कांहीं पुरुषांत जन्मतः फार कमी होती, आणि त्यांच्या कपाळावरचे केंस मागें सरत नसत. १९७४ सालीं प्रसिद्ध झालेल्या या शोधानें टकलाच्या औषधाची वाट दाखविली. गंमत अशी कीं, ज्या रसानें दाढी-मिशा वाढतात त्याच रसानें माथ्यावरचे केंस आकसतात. आणि डोक्याच्या मागच्या व कानांवरच्या पट्ट्यांतील केंसांवर मात्र त्याचा फारसा परिणाम होत नाहीं. अतिवृद्धाच्या डोक्यावरही मागें झालर शिल्लक असते ती यामुळें. केशरोपणाची सगळी विद्या या झालरीवर उभी आहे.

एकाच्या जागेची कातडी दुसऱ्या जागीं नेली तरी ती आपला मूळ स्वभाव सोडीत नाहीं, ही गोष्ट शस्त्रवैद्यांना नवी नव्हती. १७९२ च्या युद्धांत टिपूच्या लोकांनीं कावसजी नांवाच्या, इंग्रजी फौजेंतील एका गाडीवानाचें नाक कापलें. पुण्यास विटा पाडणाऱ्या जमातीच्या एका कारागिरानें त्याच्या कपाळाची कातडी खालीं वळवून त्याला नवें नाक करून दिलें. ही हकीगत ऑक्टोबर १७९४ मध्यें लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्यें छापून आली आणि तिच्यामुळें युरोपांत या विद्येकडे लक्ष गेलें. अशा शस्त्रक्रियेंत कपाळाबरोबर केंसांच्या रेषेचा तुकडा आला तर नाकावर केंस उगवतात, हा शस्त्रवैद्यांचा नेहमींचा अनुभव आहे. हाच नियम उलट्या बाजूनें उपयोगांत आणला जपानच्या शोजी ओकुदा यांनीं. १९३९ सालीं त्यांनीं केंसासह कातडीचे लहान गोल तुकडे काढून केंस नसलेल्या व्रणांवर बसविल्याचें लिहिलें; परंतु लेख जपानी भाषेंत, आणि लगोलग महायुद्ध; त्यामुळें पाश्चात्त्य जगाला त्याची दाद लागली नाहीं. अमेरिकेंतील नॉर्मन ऑरेंट्राइख यांनीं १९५० नंतर स्वतंत्रपणें तेंच केलें आणि १९५९ सालीं तत्त्व मांडलें: मागील बाजूचा केंस पुढें लावला तरी तो मागच्याच स्वभावानें वाढतो.

आरंभीचे तुकडे चार-चार मिलिमीटरांचे असत, आणि त्यांवरचे केंस बाहुलीच्या डोक्यावरच्या झुबक्यांसारखे दिसत. आतां निसर्गांत केंस ज्या एक ते चारांच्या जुडीनें उगवतात ती जुडीच वाफ्यासकट सुटी करून लावतात. ती काढण्याच्या दोन रीति आहेत. एकींत मागील बाजूची कातडीची एक अरुंद पट्टी कापून घेतात, टांके घालतात आणि सूक्ष्मदर्शकाखालीं पट्टीचे जुडीजुडीनें भाग करतात. तेथें आडवी रेघ राहते. दुसरींत सुमारें एक मिलिमीटर व्यासाच्या पोकळ पात्यानें एकेक जुडी टिपून काढतात. तेथें बारीक पांढरट ठिपके राहतात. मागें कोणताही व्रण राहत नाहीं असें जो सांगतो तो खरें सांगत नाहीं. पुढेंमागें डोकें साफ करून फिरण्याचा विचार ज्याच्या मनांत येण्यासारखा असेल त्यानें पट्टीची रेघ विशेष लक्षांत घ्यावी. काढलेलीं मुळें थंड द्रावणांत ठेवतात, माथ्यावर सुईनें किंवा पात्यानें बारीक छिद्रें पाडतात आणि त्यांत तीं बसवितात. दोन-अडीच हजार मुळांच्या कामास सहा ते आठ तास लागतात. रोगी जागाच असतो. कातडी तेवढी बधिर केलेली असते.

शेतकऱ्याला हें सगळें एका शब्दांत सांगतां येईल: नांग्या भरणें. पिकाच्या ओळींत जेथें रोप मेलें तेथें दाट जागेंतलें रोप उपटून लावणें. परंतु एक भेद आहे. शेतांत नांग्या भरण्यास पुन्हां बियाणें टाकतां येतें. डोक्यावर नवें बियाणें नाहीं. मागून काढलेल्या मुळाच्या जागीं दुसरें मूळ येत नाहीं. केशरोपणानें डोक्यावर एकही केंस वाढत नाहीं. आहे तो केंस जागा बदलतो. जाहिरातींत हें वाक्य सहसा नसतें.

म्हणून या व्यवहारांत पहिला प्रश्न पैशाचा नसून शिलकीचा आहे. बहुतेक पुरुषांच्या मागील बाजूनें, ती विद्रूप न होतां, जन्मभरांत सुमारें पांच-सहा हजार मुळें काढतां येतात. कोणाची कातडी दाट असल्यास थोडीं अधिक, विरळ असल्यास पुष्कळ कमी. आतां शिरड शहापूरच्या त्या तरुणाचा हिशेब मांडूं या. त्याचे आज रिकामे झालेले दोन कोपरे मिळून पन्नास चौरस सेंटिमीटर भरले, आणि दर चौरस सेंटिमीटरास चाळीस मुळें लावलीं, तर दोन हजार मुळें खर्चीं पडलीं. तरुण खूष, मामाही खूष. पण त्याचें टक्कल तेथेंच थांबणार आहे असें कोणी सांगितलें? १९७५ सालीं ओटार नॉरवुड यांनीं रूढ केलेल्या सात पायऱ्यांच्या मापांत तो आज तिसऱ्या पायरीवर असेल. वडील आणि मामा सहाव्या पायरीवर असतील, तर त्याचीही वाट बहुधा तिकडेच. त्या पायरीवर उघडी पडणारी जागा दोनशें चौरस सेंटिमीटरांच्या घरांत जाते. ती त्याच दाटीनें भरावयाची तर आठ हजार मुळें हवींत, आणि शिलकींत उरलीं तीन-चार हजार. मग चाळिशींत काय दिसतें? कपाळावर लावलेल्या केंसांची दाट रांग, कारण ते केंस जात नाहींत. आणि तिच्या मागें उघडें माळरान. निसर्गानें कोणालाही असें टक्कल कधीं दिलेलें नाहीं. आईचा आक्षेप तिला नीट मांडतां आला नसेल, पण पंचविसाव्या वर्षीं घाई करूं नये, हें त्याचें शास्त्रीय भाषांतर होऊं शकतें.

पस्तिशी-चाळिशींतल्या गृहस्थाची गोष्ट वेगळी. त्याचें टक्कल कोठवर जाणार याचा अंदाज आलेला असतो, शिलकीचा हिशेब जुळवितां येतो, आणि कपाळाची रेषा थोडी उंच व कोपऱ्यांत मागें सरलेली ठेवावी हें त्याला पटतें. विशीतल्या मुलाला मात्र आपली दहावींतली रेषा परत हवी असते. ती देऊं करणारा शस्त्रवैद्य त्याचा मित्र नव्हे.

याहूनही आधींचा प्रश्न असा कीं, केंस खरोखर याच कारणानें जात आहेत काय? मोठा ताप, टायफॉईड, डेंग्यू, बाळंतपण, मोठी शस्त्रक्रिया किंवा कडक उपासमार यांच्यानंतर दोन-तीन महिन्यांनीं डोक्यावरचे केंस मुठी-मुठीनें येतात. पाहणाऱ्याचें काळीज थरारतें. आणि बहुधा सहा महिन्यांच्या आंत तें आपोआप थांबून केंस परत भरतात. रक्तांत लोह कमी असणें आणि गळ्यांतील थायरॉईड ग्रंथीचा बिघाड यांनींही केंस झडतात. चाई पडते तेव्हां रुपयाएवढीं गुळगुळीत वर्तुळें दिसतात. तेथें शरीराची संरक्षक शक्तीच चुकून केंसाच्या मुळांवर उलटलेली असते. यांपैकीं कोणत्याही स्थितींत केशरोपण करणें म्हणजे रोग तसाच ठेवून पैसे आणि मुळें दोन्ही वायां घालविणें होय.

या बाबतींत बुलढाणा जिल्ह्यांतील उदाहरण विसरतां येण्यासारखें नाहीं. डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्यें शेगांव तालुक्यांतील बोंडगांव, कालवड, हिंगणा आणि आसपासच्या गांवांतून बायका, पुरुष, मुलें यांचे केंस अवघ्या तीन-चार दिवसांत जाऊन टक्कल पडूं लागलें. अठरा गांवांत अडीचशेंहून अधिक लोक सांपडले. प्रथम विहिरींच्या पाण्यावर संशय आला, कोणी बुरशीचें नांव घेतलें. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचीं माणसें येऊन रक्ताचे व पाण्याचे नमुने घेऊन गेलीं. विंचूदंशावरील संशोधनाबद्दल प्रसिद्ध असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीं स्वतंत्र तपास करून २०२५ च्या फेब्रुवारींत आपला निष्कर्ष मांडला: रेशनवर आलेल्या गव्हांत सेलेनियम या द्रव्याचें प्रमाण फार मोठें होतें, आणि रोग्यांच्या रक्तांतही तें वाढलेलें होतें, तर जस्त कमी झालेलें होतें. पुढें अनेकांचे केंस परत उगवूं लागले. वाफे सुकलेले नव्हते, काड्या तेवढ्या गेल्या होत्या. त्या दिवसांत गांवांतील मुलांच्या सोयरिकी अडल्याच्या, शेजारच्या गांवांनीं येणेंजाणें टाळल्याच्या गोष्टी वृत्तपत्रांतून येत होत्या. केंसांबरोबर माणसाची पत कशी जाते हें त्यांतून दिसलें. त्या भीतीच्या भरांत कोणी केशरोपणाच्या दुकानांत शिरला असता तर त्याला कोणी अडविलें असतें काय?

तेव्हां पहिलें पाऊल शस्त्रक्रियेकडे नव्हे, तर त्वचारोगतज्ज्ञाकडे पडावें. शिरड शहापूरच्या माणसाला त्यासाठीं पुण्या-मुंबईस जाण्याचेंही कारण नाहीं, नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणीं जाऊन त्वचेच्या डॉक्टरांना दाखवितां येतें. भिंगाखालीं जाड व बारीक केंसांचें मिश्रण दिसलें, रक्ताची तपासणी निर्दोष निघाली आणि घराण्याचा इतिहास जुळला, म्हणजे निदान पक्कें होतें.

निदान पक्कें झालें तरी औषधांना पहिली संधि द्यावी. मिनॉक्सिडिल हें मूळचें रक्तदाबावरचें औषध. तें घेणाऱ्यांच्या अंगावर केंस वाढूं लागले तेव्हां त्याचा हा गुण कळला, आणि १९८८ सालीं अमेरिकेंत डोक्याला लावण्यासाठीं त्यास मान्यता मिळाली. पहिल्या कांहीं आठवड्यांत त्यानें केंस अधिकच गळतात आणि पुष्कळजण तेथेंच बाटली फेकून देतात. परिणाम दिसण्यास चार ते सहा महिने लागतात. फिनास्टेराईड ही गोळी डोमिनिकन कुटुंबांच्या त्या शोधाशीं नातें सांगते. ती तीव्र रस बनूं देत नाहीं. एक मिलिग्रॅमची गोळी १९९७ सालीं मान्य झाली. थोड्या पुरुषांत तिनें कामेच्छा मंद होते, कांहींचें मन खिन्न होतें. म्हणून ती दुकानांतून परस्पर आणून खाऊं नये, आणि घरांतील गरोदर स्त्रीनें तिचा चुरा हाताळूं नये. दोन्ही औषधें घेईपर्यंतच चालतात; सोडलीं कीं राखलेले केंस कांहीं महिन्यांत जातात. तरीही वर्षभर नेमानें घेतल्यास पुष्कळांची घसरण थांबते. तिकडे ज्यांना केशरोपण करावयाचेंच आहे त्यांनाही औषध सुटत नाहीं, कारण लावलेले केंस टिकले तरी त्यांच्या आसपासचे जुने केंस जातच राहतात. "एकदां करा आणि विसरून जा" हें म्हणणें दुकानदारीचें आहे.

स्त्रियांविषयीं थोडक्यांत इतकें, कीं त्यांचा विरळपणा बहुधा भांगाच्या दोन्ही बाजूंस पसरलेला असतो आणि कित्येकींच्या मागील बाजूसही तो शिरलेला असतो. जेथून मुळें घ्यावयाचीं तीच जागा विश्वासाची नसल्यामुळें थोड्याच स्त्रियांना या शस्त्रक्रियेचा उपयोग होतो. रक्तक्षय आणि थायरॉईड यांची तपासणी त्यांच्या बाबतींत अधिक अगत्याची.

आतां सुरीची गोष्ट. केशरोपण ही बहुधा निर्धोक शस्त्रक्रिया आहे, पण शस्त्रक्रियाच आहे. केंस कापण्याची ती थोरली बहीण नव्हे. मार्च २०१९ मध्यें मुंबईंत ४३ वर्षांच्या एका व्यापाऱ्याचा केशरोपणानंतर दोन दिवसांत मृत्यू झाला. एकाच बैठकींत नऊ हजारांवर मुळें बसविल्याचें तेव्हांच्या वृत्तांत होतें. २०२१ सालीं दिल्लींत तिशीच्या एका तरुणाचा असाच अंत झाला आणि तें प्रकरण उच्च न्यायालयांत गेलें. त्यानंतर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानें सप्टेंबर २०२२ मध्यें सूचना काढल्या. त्यांचा आशय असा कीं, हें काम शस्त्रक्रियेचें रीतसर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरानेंच करावें. कार्यशाळेंत किंवा यूट्यूबवर पाहून आलेलें ज्ञान पुरेसें शिक्षण नव्हे. आणि संकट ओढवल्यास तें निभावण्याची सोय जागेवर असावी. सूचना निघाली म्हणून दुकानें बंद झालीं असें मात्र नाहीं.

धोका मुख्यतः बधिर करणाऱ्या औषधांत असतो. लिग्नोकेन हें औषध अ‍ॅड्रेनलीन मिसळून दिलें तर वजनाच्या प्रत्येक किलोस सात मिलिग्रॅम ही त्याची मर्यादा मानतात. मुळें जितकीं अधिक, तास जितके अधिक, तितकी ती मर्यादा ओलांडण्याची भीति अधिक. म्हणून "एकाच दिवशीं सगळें डोकें भरून देतों" हें वचन आनंदाचें नसून धोक्याचें समजावें. जागेवर जाऊन विचारण्यासारखे प्रश्न साधे आहेत. छिद्रें कोण पाडणार, डॉक्टर कीं त्यांचा मदतनीस? डॉक्टरांची पदवी त्वचाशास्त्रांतील किंवा सुघटन शस्त्रक्रियेंतील आहे काय, कीं दांतांची? एका दिवसांत किती डोकीं करतां? हृदय थांबलें तर लागणारीं साधनें कोठें आहेत? या प्रश्नांनीं जो रागावेल त्याच्या खुर्चीत बसूं नये. इस्तंबूल शहर या धंद्यासाठीं जगभर गाजलें आहे आणि आपल्याकडील पैसेवाले लोकही तिकडे जातात. तेथेंही चांगलें काम आणि डॉक्टरांच्या नांवाखालीं मदतनीसांनीं उरकलेलें काम, हीं दोन्ही शेजारीं शेजारीं चालतात.

पैशाचा हिशेब दर मुळावर होतो. मुळास तीस रुपये भाव ठरला तर अडीच हजार मुळांचे पाऊण लाख होतात. औषधें, जाणेंयेणें आणि बुडालेले कामाचे दिवस निराळे. भाव निम्म्यावर आणणारा कोठें तरी काटकसर करतो, आणि ती बहुधा अनुभवी हातांच्या पगारांत असते. काढतांना मुळें अर्ध्यावर तुटलीं, बाहेर सुकलीं, तर तीं लागत नाहींत. आणि मोजून कोण घेणार? हळदीच्या काट्यावर शेतकरी स्वतः उभा राहतो. येथें तो पालथा झोपलेला असतो.

राहिला सोयरिकीचा प्रश्न, आणि तोच मुळाशीं आहे. मामांचें म्हणणें केवळ हौसेचें नाहीं. टक्कल पडलेल्या तरुणाला लोक वयानें मोठा समजतात, त्याची थट्टा करतात, आणि "मनाचें सौंदर्य पाहावें" असा उपदेश त्याला फारसा उपयोगी पडत नाहीं. तरीही लग्न जमविण्यासाठीं केशरोपण करणाऱ्यानें काळाचें गणित पाहावें. लावलेले केंस दोन ते सहा आठवड्यांत गळून पडतात. मूळ राहतें, काडी जाते. केशलोचांतली तीच गोष्ट. तिसऱ्या-चौथ्या महिन्यांत नवे कोंब दिसतात, आणि खरें रूप वर्षभरानें, कधीं दीड वर्षानें येतें. मधले तीन-चार महिने डोकें पूर्वींपेक्षांही ओसाड दिसतें. येत्या वैशाखांत लग्न आणि फाल्गुनांत केशरोपण, असा बेत करणारा नवरदेव मुंडावळ्यांखालीं पूर्वींपेक्षां कमी केंस घेऊन उभा राहील. शिवाय सोयरिकीच्या वेळीं ही गोष्ट लपविली तर ती दुसरी चूक. सासरीं ती कळतेच, आणि मग केंसांपेक्षां शब्दाचा प्रश्न होतो.

दुसऱ्या वाटा नाहींत असें नाहीं. केंस अगदीं बारीक कापले म्हणजे विरळपणा निम्मा झांकला जातो. लांब वाढवून आडवे घेतले म्हणजे तो दुप्पट दिसतो. हें गांवच्या नाभिकाला कोणत्याही तज्ज्ञाइतकें ठाऊक असतें. चांगला टोपही आतां मिळतो, पण शेतांतल्या घामाला तो पुरा पडत नाहीं. डोकें गुळगुळीत करून दाढी राखणारे तरुण आज शहरांत पुष्कळ दिसतात आणि कोणी वळून पाहत नाहीं. खेड्यांत मात्र अजून घरीं सुतक आहे काय असें विचारतात.

शिरड शहापूरचा तो तरुण या सगळ्यावरून केशरोपण कधींच करूं नये अशा निर्णयाला येईल असें नाहीं. निदान झालें, वर्षभर औषध घेऊन घसरण थांबली, आणि तिशी जवळ आल्यावरही कोपरे मनाला टोंचतच राहिले, तर थोडींच मुळें, उंच रेषा आणि मागें भरपूर शिल्लक, अशा बेतानें त्यानें तें करून घेण्यांत गैर कांहीं नाहीं. मग ऋतु मात्र पाहावा. हळद काढणें, शिजविणें, वाळविणें यांचे दिवस म्हणजे ऊन, वाफ आणि धूळ. नव्या मुळांना पहिले दहा दिवस यांपैकीं एकही चालत नाहीं, आणि पहिला महिनाभर डोक्यावर ओझें किंवा घट्ट फेटाही नको. दसरा-दिवाळीच्या सुमारास, पाऊस उघडल्यावर आणि हळद अजून जमिनींत असतांना, त्याला दोन आठवडे घरीं बसतां येतें. तोंवर एक काम आजच सुरू करतां येण्यासारखें आहे: दर तीन महिन्यांनीं त्याच खिडकीपाशीं, त्याच वेळीं, केंस कोरडे असतांना, वरून आणि समोरून अशीं दोन छायाचित्रें काढून तारखेसह जपून ठेवणें. वर्षानें डॉक्टरांपुढें तीं आठ छायाचित्रें ओळीनें मांडलीं, म्हणजे केंस खरोखर किती वेगानें चालले आहेत, कीं चाललेच नाहींत, याबद्दल मामांना आणि आईला वाद घालण्याचें कारण उरत नाहीं.